सव्वासहाचा गुणाकार

कोन्या पुड्यावर 'प्रोटीन इतके टक्के' असं छापलेलं दिसलं का आजही माह्यं डोस्कं सटकते. दुकानदार म्हनते, "घेऊन पाहा, चांगलं हाये." मी म्हनतो, "तुले काय माहीत बे?" तो म्हनते, "लिवलं हाये ना त्याच्यावर." झालं. तिथून माही गाडी जे सुटते, ते घरचे मले हाताले धरून दुकानाच्या बाह्यर आनते तवाच थांबते.

राग येते कारन लिवनारा मीच होतो. तसे आकडे मी तीन वर्षं लिवले.

दोन हजारनंतरचे दिवस. बी.एस्सी. केमिस्ट्री करून मी वर्ध्यातल्या एका खासगी लॅबमधी लागलो होतो. तीन खोल्या, वरतं टीन, आन धूर ओढाचा एक पंखा जो ओढण्यापेक्षा ओरडेच जास्त. सिंदीकडून सरकीची ढेप ये, कारंज्याकडून सोयाबीनची पेंड ये, कोंबड्याचं खाद्य ये. सारं प्रोटीन काढाले. एकदा एक शेतकरी काका रिपोर्ट घेऊन बी जाग्यावरून हलेच ना. म्हने, "आकडा ठीक हाये, पन निघालेलं प्रोटीन कुठं हाय? ते तं माह्यं हाय ना. बाटली आनली म्या." मी त्याची नक्कल महिनाभर करत होतो. बाटली पुढं करून, मान वाकडी करून. आता वाटते, काकाच शहाना होता. निघालेलं काई तरी दिसलं पाहिजे, एवढंच तं मागत होता.

प्रोटीन मोजाची आमची रीत अशी होती. एक ग्रॅम पीठ घ्या. लांब मानेच्या काचेच्या चंबूत टाका. त्याच्यात चिमूटभर मोरचूद, थोडं पोटॅशियम सल्फेट, आन वरून कडक सल्फ्युरिक ॲसिड. मंग हीटरवर ठेवून द्या. आधी सारं काळंकुट्ट होते. तीन-चार घंटे उकळते, उकळते, आन शेवटी साफ हिरवट-निळं पानी राह्यते. गहू होता का चना, ताजा होता का सडका, कोनाच्या हातचा होता, सारं जळून गेलं. राह्यला फक्त नायट्रोजन. त्याच्यात कॉस्टिक सोडा टाकून अमोनिया उडवाचा, तो दुसऱ्या चंबूत पकडाचा, आन ब्युरेटमधून थेंब थेंब ॲसिड सोडून मोजाचा. हिरव्याचं गुलाबी झालं का थांबाचं. नायट्रोजन आला. त्याले सव्वासहानं गुना. झालं प्रोटीन.

म्हनजे प्रोटीन कोनी पाह्यतच नाई. चुलीचा धूर पाहून पंगत किती जनाची ते सांगाचं, तशातला भाव.

आमचे साहेब रिटायर मानूस. पांढराफेक शर्ट. माह्या सगळ्या शर्टाले ॲसिडची बारीक बारीक भोकं, साहेबाच्या शर्टाले एक नाई, कारन साहेब चंबूजवळ येतच नसत. चष्मा कपाळावर चढवून, एकेक अक्षर धुवून वाळवल्यासारखं बोलत, "आकडा बोलतो, बाळा. आपण बोलायचं नाही."

हे वाक्य मी घरी जाऊन सत्रा वेळा करून दाखवलं असन.

आमचं घर आंजीले, मोठ्या आंजीले. दर शनिवारी मी घरी. आन घरी माह्या नकलांची सर्वांत मोठी गिऱ्हाईक म्हनजे आमची वयनी, मोठ्या भावाची बायको. तिनं गावातल्या दहा बायांचा बचत गट बांधला होता. गहू, चना, शेंगदाने, थोडं सोयाबीन, सारं खरपूस भाजाचं, दळाचं, आन अंगनवाडीच्या लेकरांसाठी पौष्टिक पीठ द्याचं. तीन महिने त्यायनं आमच्या आन आजूबाजूच्या चार गावाच्या अंगनवाडीत दिलं. लेकरं वाट्या चाटत. वयनीची चार वर्षाची पोरगी तं वाटी डोक्यावर ठेवून घरी ये, रिकामी हाये म्हनून दाखवाले.

मंग वर्षभराच्या पुरवठ्याची यादी ठराची वेळ आली. हुकूम निघाला का जो कोनी पुरवठा करन त्याचा नमुना लॅबमधून पास झाला पाहिजे. समोर नागपूरचा एक ठेकेदार उभा होता, छापील पुडेवाला. नमुना नापास म्हनजे गट बाह्यर. दहा बायांचं काम गेलं. आन लॅब कोनती? आमचीच.

वयनी खूश. "भाऊजी, मंग तं घरचंच काम हाये!"

"वयनी, तिथं घरचं नसते काई. तिथं नंबर असते. कोनाचं काय ते मले बी कळत नाई."

"साहेब कसे हायेत? खडूस?"

बस. एवढंच पाहिजे होतं मले. आंगनात सगळ्या बाया चना निवडत बसेल होत्या. मी चष्मा नसूनबी कपाळावर चढवला, हात मागं बांधले आन सुरू झालो, "आकडा बोलतो, बाई. आपण बोलायचं नाही." बाया हसून हसून लोळल्या. शेजारच्या एक काकू डोळे पुसत म्हने, "बरं बाप्पा साहेब, मंग नमुना कसा पाहिजे तुमाले?"

आन माह्या तोंडानं, साहेबाच्या आवाजात, निघालं, "नमुना असा हवा, बाई, की साहेबांनी बोटं चाटली पाहिजेत!"

पुन्हा हशा. मी सोमवारी वर्ध्याले निघून गेलो. नमुना सील झाला त्या दिवशी मी गावात नव्हतो.

त्या आठवड्यात एक दिवस साहेबाचं तोंड सकाळपासून चालून राह्यलं होतं. टेबलावर स्टीलचा डबा. मले बलावलं, हातावर एक लाडू ठेवला. "घे. उत्तम आहे." मी खाल्ला. गूळ, साजूक तूप, भाजल्याचा तो वास.

मी म्हनलं, "साहेब, डिट्टो आमच्या वयनीच्या हातचा!"

"सगळ्यांच्या वहिन्यांचे लाडू सारखेच असतात," साहेब म्हने.

मी हसलो. बोटं चाटत कामाले लागलो.

दुपारी साहेबानं एका बशीत कुटलेला नमुना दिला, नंबर टाकून. चिकट होता. तोलतानी चमच्यालेच बसे. चंबूत टाकला, ॲसिड ओतलं, हीटर लावला, आन पाच मिनटात त्यानं असा फेस धरला का काळा फेस चंबूच्या मानेतून वर, वर, वर! मी धावलो, हीटर कमी केला, पुन्हा लावला, पुन्हा फेस. दोन वेळा नमुना बाह्यर सांडला, दोन वेळा नव्यानं घेतला. एक थेंब बनेनीतून पार आत गेला. गूळ-साखर असली का असंच होते, हे मले माहीत होतं. म्हनून मी त्या पाठवनाऱ्याले जे शिव्या घातल्या, त्या इथं लिवत नाई. "कोन्या गाढवानं पिठात गूळ कालवला बे? याले नमुना म्हनतेत का शिरनी?" साहेब आतून म्हने, "भाषा सांभाळ."

संध्याकाळपर्यंत आकडा आला. बारा पाहिजे होतं, साडेसात आलं. येनारच. अर्धं तं गूळ आन तूपच होतं, त्याच्यात कुठून आला नायट्रोजन? मी साडेसात लिवलं. माह्या अक्षरात. साहेबानं खाली सही मारली: अपात्र.

शनिवारी घरी गेलो तं वयनी दारातच. "काय म्हने साहेब? बोटं चाटले का नाई?"

"कायचे बोटं?"

"लाडू पाठवले ना आमी! कोरडं पीठ पाठवाचं का साहेबाले? कोरडं पीठ झोळीवाल्याच्या झोळीत टाकतेत. तुमीच तं म्हनलं, साहेबानं बोटं चाटले पाहिजे. तूप मी माह्या माहेरून आनलं, भाऊजी. अंगनवाडीच्या सेविकाबाईनं सील करतानी इचारलं बी, हे चालन का? म्हनलं, आमचे भाऊजी लॅबमधी हायेत, त्यायनंच सांगतलं."

   तो लाडू मी खाल्ला होता. तो फेस मी दोनदा पुसला होता. त्या शिव्या मी वयनीलेच घातल्या होत्या.

"नापास झालं, वयनी."

"कोन?"

"तुमचं पीठ. म्हनजे लाडू. मीच केलं."

ती पायरीवर बसली. भांडली असती तं बरं झालं असतं. एवढंच म्हने, "मी तुमच्या नकलेवर गेली, भाऊजी. तुमाले खरं बोलतानी कसं ओळखाचं, ते बी सांगून ठेवत जा."

माह्यावर राग, तो वेगळा. पन सोमवारी मी साहेबासमोर उभा राह्यलो तं माह्या कानातून वाफ निघत होती.

"साहेब, तो लाडू होता."

"हो. लाडू होता."

"अर्जावर पीठ लिवलं होतं. तुमाले दिसलं का हा लाडू हाये. मंग परत काऊन नाई पाठवला? कोरडं पीठ पाठवा म्हनून एक चिठ्ठी लिवाची होती!"

"नमुना आला तसा तपासायचा. आपण प्रेषकाचे सल्लागार नाही."

"पन तुमी चार लाडू खाल्ले!"

साहेब चष्मा कपाळावर चढवत म्हने, "उरलेला नमुना नष्ट करायचा असतो. नियम आहे."

मले हसू बी आलं आन गळा दाबावा असं बी वाटलं. "दहा बायांचं काम गेलं, साहेब. त्यायचं पीठ लेकरं खातेत. वाट्या चाटतेत."

"ते आपल्याला मोजता येत नाही, बाळा. आपल्याला नायट्रोजन मोजता येतो."

बरं. नायट्रोजन पाहिजे ना? देतो नायट्रोजन.

दुसऱ्या दिवशी मी कटिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार खुर्चीखालचे केस झाडून राह्यला होता. म्हनलं, "टाकू नको, मले दे." तो माह्याकडं असा पाहे जसा मी जादूटोना करनारा. केस वर्ध्यातल्या माह्या खोलीवर आनले, साबनानं धुतले, उन्हात वाळवले आन कैचीनं इतके बारीक कापले का पार चूर्ण झालं. अर्ज भरला, नमुन्याचं नाव 'पौष्टिक चूर्ण, अंगणवाडीसाठी'. पाठवनाऱ्याचं नाव असंच ठोकून दिलं. नंबर टाकला. चंबूत टाकलं. आन काय सांगू, फेस नाई का काई नाई, शहान्या लेकरासारखं शांत बसलं. संध्याकाळी ब्युरेट उतरत गेला, उतरत गेला, थांबेच ना. सव्वासहानं गुनलं. नव्वदीच्या वर.

केस म्हनजे सारं प्रोटीनच असते, हे कॉलेजात शिकवतेत. पन केस कोनाच्या पोटात पचत नाई, हे शिकवाची गरज पडत नाई. कारन कोनी इचारत नाई.

साहेबाचे डोळे चमकले. "वा! मोठ्या कंपनीचं दिसतंय. परदेशी माल असणार. असा नमुना पाहिजे!" आन माह्या डोळ्यासमोर, चूर्ण न पाह्यता, बशीकडं मान न वळवता, सही: पात्र. पुरवठ्यास योग्य.

"साहेब," मी म्हनलं, "हे न्हाव्याच्या दुकानातलं झाडन हाये."

"काय?"

"केस हायेत. वर्ध्यातल्या वीस-पंचवीस लोकायचे. त्याच्यात थोडे तुमचे बी असतील, तुमी रविवारी गेलते ना."

 साहेबानं रिपोर्ट उचलला, दोन तुकडे केले. मी खिशातून कार्बन कॉपी काढून दाखवली. त्यायचे कान लाल झाले. मले वाटलं होतं का मजा येईन. मजा आली नाई. म्हातारा मानूस समोर फाटका कागद पुन्हा जुळवून पाहत होता, आन तरीबी माह्या मनातून राग कमी होईना.

"काय हवंय तुला?"

"फेरतपासनी. कोरड्या पिठाची."

त्यायनं पत्र लिवलं. सही केली. आन म्हने, "उद्यापासून येऊ नकोस."

"फेरतपासनी करून जातो," मी म्हनलं.

वयनी सोता आली पीठ घेऊन, सेविकाबाईच्या सीलसकट. लॅबच्या बाकावर चार घंटे बसली. चंबू काळा झाला तं उठून उभी राह्यली. "जळलं ना, भाऊजी? जळलं!" मी म्हनलं, "जळू द्या. आधी जळतेच." साहेब त्या दिवशी पयल्यांदा चंबूजवळ आले आन शेवटपर्यंत उभे राह्यले.  आकडा सोळाच्या वर गेला. साहेबानं पात्र लिवून कागद वयनीच्या हातात दिला, दोन्ही हातानं. हे मी मान्य करतो.

आमी तसेच उठून कचेरीत गेलो. तिथला बाबू कागद वाचून म्हने, "एकदम बरोबर हाये."

"मंग?"

"यादी परवाच लागली. पुढच्या वर्षी नक्की भरा अर्ज."

मी टेबलावर हात आपटला. शाई सांडली. शिपाई आला. वयनीनं माह्या भोकाच्या शर्टाले धरून ओढत बाह्यर नेलं. भिताडावर यादी होती. आमच्या पाच गावापुढं त्या ठेकेदाराचं नाव. वयनीनं वाचलं, बोट ठेवून, पाचही वेळा.

महिन्याभरानं पुडे आले. चकचकीत, प्रोटीनचा आकडा ठळक. वयनीच्या पोरीनं पयला घास तोंडात घेतला आन थुकला. सगळ्या लेकरायनं थुकला. कच्च्या सोयाबीनचा कडवट, उग्र वास. पुडे घरोघरी गेले आन घरोघरच्या म्हशीच्या गव्हानीत पडले. मी खूश झालो, खरं सांगतो. म्हनलं, सापडला साला! याच्यात आकड्यात गडबड असलीच पाहिजे. युरिया घातला असन नायट्रोजन फुगवाले, नाई तं आकडाच खोटा असन.

एक पुडा घेऊन मी माह्या जुन्या कॉलेजात गेलो. सरायनं प्रयोगशाळा उघडून दिली. आधी ती जांभळी परीक्षा केली, बाय्युरेटवाली: खरं प्रोटीन असलं तं निळ्याचं जांभळं होते, नुसत्या युरियानं होत नाई. जांभळं झालं. मस्त, गर्द जांभळं. मंग चंबू, ॲसिड, चार घंटे, ब्युरेट. सव्वासहा. पुड्यावर छापलं होतं त्याच्यापेक्षा अर्धा टक्का जास्तच आलं.

मी तीन वेळा केलं. सर शेवटी म्हने, "अरे, बरोबर आहे तो."

मले चोर पाहिजे होता. चोर असता तं मी त्याले धरलं असतं, पेपरात दिलं असतं, कचेरीपुढं बसलो असतो. चोरच नव्हता. ठेकेदार बरोबर, साहेब बरोबर, बाबू बरोबर, चंबू बरोबर. अंगनवाडीत गेलो तं सेविकाबाई वहीत 'वाटप झाले' लिवून राह्यली होती. मी तिच्यावर ओरडलो, काईच्या काई बोललो. ती पेन खाली ठेवून म्हने, "मी काय लिवू, भाऊ? वाटप तं झालं ना. लेकरानं थुकलं, असा रकानाच नाई याच्यात."

घरी आलो. गटाच्या बाया ओट्यावर रुमाल बांधून राह्यल्या होत्या. सोयाबीन सोंगाचे दिवस होते, सगळ्या वावरात निघाल्या होत्या. मी वयनीले सांगतलं का पुडा तपासला, आकडा खरा हाये.

"पुरा?"

"पुरा. वरून अर्धा जास्त."

तिनं विळ्याची धार अंगठ्यानं पाह्यली. "मंग भांडाले कोनाशी जाचं, भाऊजी?"

तिनं विळा कमरेले खोसला.  मंग म्हने, "पोरगी उठली का तिले भाकर चुरून देजा, दूध झाकून ठेवलं हाये," आन बायायच्या मागं चालाले लागली.